दातांचे नंबर आणि चार्टिंग घरी बसून शिकता येतं का? क्लिनिकमधे काम केलेल्या कुणी सांगाल का

कृष्णाकाठ

नमस्कार. मी आमच्या गावातल्या एका डेंटल क्लिनिकमधे रिसेप्शनला आहे, दिवाळीला एक वर्ष होईल. आधी फोन, अपॉइंटमेंट आणि पैसे घेणं एवढंच होतं पण असिस्टंट मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून मॅडम मला आत बोलावतात, त्या तपासतात आणि मी बाजूला उभं राहून चार्टवर लिहायचं. माझं शिक्षण बारावी आर्ट्स. मेसियल, डिस्टल, बकल हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते तिथंच. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत, विचारलं की सांगतात, पण पेशंट आ करून बसलेला असताना किती वेळा विचारणार.

गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली ती सांगते कारण तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. आठ वर्षांचा मुलगा आला होता, सोबत आई. मॅडम एरवी नंबर इंग्लिशमधे सांगतात, सिक्स फोर असं सुटं सुटं. त्या दिवशी त्या आईशी मराठीत बोलत होत्या आणि त्याच ओघात म्हणाल्या की चौसष्ट काढावा लागेल, पू झालाय. मी कानावर पडलं तसं लिहिलं, चौ ऐकलं म्हणून आधी चार आणि मग सहा. कागदावर झालं ४६. म्हणजे काढायचा होता वरचा डावीकडचा दुधाचा आणि मी लिहिली खालची उजवीकडची कायमची दाढ, जी त्याला दोन वर्षांपूर्वी आलीये आणि जन्मभर पुरवायचीये. मॅडमनी इंजेक्शन भरायच्या आधी एक्स-रे आणि चार्ट शेजारी धरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ओरडल्या नाहीत. मुलगा गेल्यावर फक्त म्हणाल्या की मी तपासणारच आहे गं पण तुझ्या हातून बरोबर उतरलं पाहिजे, नीट शिकून घे.

तर मला हे मनापासून शिकायचंय. क्लिनिक दुपारी दोन ते पाच बंद असतं, घरी येऊन जेवण आवरलं की दोन तास माझे असतात. एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात बघितली, बारा हजार रुपये आणि शेवटी सर्टिफिकेट, आपल्या वेळेने करायचा. तो घ्यावा का? की पुस्तक घेऊन स्वतःच बसावं? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची, कारण मी वही घेऊन बसले की शब्द पाठ होतात आणि आत गेलं की सगळं गोंधळतं.

गोदाकाठचा_डॉक्टर

ताई, पहिलं म्हणजे तुम्ही हे लपवलं नाही आणि शिकायला बसताय, याचा अर्थ तुम्ही या कामाला योग्य आहात. मी नाशिकला चौदा वर्षं प्रॅक्टिस करतोय, माझ्याकडे आत्तापर्यंत पाच असिस्टंट तयार झाल्या आणि त्यातल्या चौघी तुमच्यासारख्याच रिसेप्शनवरून आत आलेल्या.

तुमची चूक नेमकी कुठे झाली ते आधी बघू कारण ती फार शिकवणारी आहे आणि ती मराठी माणसाकडूनच होते. आपल्या भाषेत संख्या बोलताना एकक आधी येतो. छत्तीस म्हणताना सहा आधी, सव्वीस म्हणताना सहा आधी, चौसष्ट म्हणताना चार आधी. आणि दातांचे नंबर असे आहेत की उलटे लिहिले तरी ते बहुतेक वेळा खरेच निघतात! ३६ उलटा केला की ६३, तो वरचा डावीकडचा दुधाचा सुळा. २६ उलटा केला की ६२, वरचा डावीकडचा दुधाचा पटाशीचा. ४५ चं ५४, ३५ चं ५३. त्यामुळे चार्ट बघून काही विचित्र वाटत नाही, चूक चुकीसारखी दिसतच नाही. मोठ्या माणसाच्या चार्टवर ६३ दिसला तर कुणीही थांबेल. पण सात ते अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे दोन्ही एकत्र असतात, तिथं कुणी थांबत नाही.

म्हणून आजपासून एकच नियम, तुम्हालाही आणि तुमच्या मॅडमनाही नम्रपणे सांगा, की नंबर कधीच संख्या म्हणून बोलायचा नाही. तीन-सहा. सहा-चार. एक-एक, अकरा नाही. ही पद्धत काढणाऱ्यांनीच ती दोन सुटे अंक म्हणून काढलीये, पहिला अंक तोंडाचा कुठला भाग ते सांगतो आणि दुसरा मधल्या रेघेपासून मोजून कितवा दात ते. ही दोन अंकी पद्धत एफडीआयची, म्हणजे दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेची, १९७० च्या सुमाराला आली आणि आज जगात बहुतेक ठिकाणी हीच चालते, आपल्याकडे कॉलेजातही हीच शिकवतात. आणि मॅडमनी नंबर सांगितला की तुम्ही तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मग लिहायचा. सहा-चार, वरचा डावा, दुधाचा. तीन सेकंद लागतात. माझ्या क्लिनिकमधे परत म्हटल्याशिवाय पेन टेकत नाही.

आता सुरुवात. शब्द पाठ करू नका, आधी तोंडाचा नकाशा पक्का करा. पेशंट तुमच्यासमोर बसलाय असं धरा, त्याचा उजवा वरचा भाग म्हणजे १, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे, आपण देवाला प्रदक्षिणा घालतो तसं, डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४. दुधाच्या दातांना त्याच क्रमाने ५, ६, ७, ८. उजवा-डावा नेहमी पेशंटचा, तुमचा नाही. चार्ट पण समोर बसलेल्या पेशंटसारखाच छापलेला असतो, म्हणजे कागदाच्या डाव्या हाताला पेशंटची उजवी बाजू.

आणि नावं आपल्याला शाळेपासून येतातच. पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन, दाढा तीन, शेवटची अक्कलदाढ. झाले आठ. म्हणजे तीन नंबर कायम सुळा, सहा नंबर पहिली मोठी दाढ, आठ नंबर अक्कलदाढ. चार वेळा आठ, बत्तीस. दुधाच्यात उपदाढा नसतात, पटाशीचे दोन, सुळा, दाढा दोन, म्हणून पाचच, चार वेळा पाच, वीस. दुधाच्या दाढा पडल्या की त्यांच्या जागी कायमच्या उपदाढा येतात. ५५ पडतो तिथं १५ येतो. आणि १६ कुणाच्याच जागी येत नाही, ती साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे नवीनच उगवते, त्यामुळे कित्येक आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी म्हणतात पडणारच आहे ना. तुम्ही रिसेप्शनला बसून एवढं एक जरी आयांना सांगितलंत तरी गावातल्या पोरांच्या दाढा वाचतील.

पहिला आठवडा फक्त एवढंच करा. रोज वीस मिनिटं. जिभेने. खरंच, जीभ मधल्या रेघेवर टेकवा आणि एक एक दात मागे मोजत जा, मनात म्हणत, एक-एक, एक-दोन, एक-तीन. आरशात बघून करू नका कारण आरशात तुमची उजवी बाजू उजवीकडेच दिसते आणि चार्टवर ती डावीकडे असते, डोक्यात उलटं बसतं.

डोंबिवली_ते_एडिसन

डॉक्टरांनी आरशाचं सांगितलं ते वाचून मला माझे पहिले दोन महिने आठवले, मी अगदी तेच केलं होतं, बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून पाठ केलं आणि मग क्लिनिकमधे सगळं डावं-उजवं उलट.

मी न्यू जर्सीत डेंटल असिस्टंट आहे. इथे आल्यावर मुलगी लहान होती म्हणून क्लासला जाणं शक्य नव्हतं, सगळं घरून केलं, रात्री ती झोपली की नऊ ते अकरा. आपल्या वेळेने शिकण्यातला मोठा धोका सांगते. आपण वाचत राहतो. वाचलं की समजल्यासारखं वाटतं, वहीत रंगीत पेनने लिहिलं की अजून समजल्यासारखं वाटतं. पण काम वाचायचं नाहीये, काम कानाने ऐकून हाताने लिहायचं आहे, आणि ते सुद्धा डॉक्टरच्या वेगाने, मधे सक्शन (थुंकी-पाणी ओढणारी नळी) चालू असताना. तुम्ही लिहिलंत ना की आत गेलं की गोंधळतं, त्याचं कारण हेच आहे, तुम्ही डोळ्यांनी शिकताय आणि परीक्षा कानाची आहे.

मी काय केलं ते सांगते. फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग केलं. एक-सहा, एमओ (म्हणजे मेसियल-ऑक्लुजल, दोन बाजूंचं), कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग). दोन-सात, मिसिंग. तीन-सहा, क्राउन, रूट कॅनाल झालेलं. चार-आठ, अर्धवट आलेली. असे तीस-चाळीस ओळी, मुद्दाम सगळीकडे उड्या मारत, ओळीने नाही. आणि मग दोन दिवस जाऊ दिले म्हणजे काय बोलले ते विसरायला होतं, आणि कोरा चार्ट घेऊन ते लावून लिहायचं. न थांबवता. सुटलं तर सुटलं, रिकामं ठेवायचं, अंदाजाने भरायचं नाही. शेवटी स्क्रिप्टशी ताडून बघायचं. पहिल्यांदा माझे चाळीसातले बावीस बरोबर आले होते. मग नवऱ्याला वाचायला लावलं, तो भरभर वाचायचा, मधे फोन वाजवायचा, तेही बरं झालं कारण क्लिनिकमधे तसंच असतं.

दुसरं म्हणजे चौकटी. प्रत्येक दाताची चौकट पाच भागांची असते, मधला भाग चावायचा, बाजूचे चार म्हणजे चार बाजू. वरच्या ओळीत चौकटीची वरची कड गालाची आणि खालची कड टाळूची. खालच्या ओळीत उलट, खालची कड गालाची आणि वरची जिभेची. ही माझी नेहमीची चूक होती, मी दोन्ही ओळींत वरची कड गालाचीच धरायचे. आणि मेसियल म्हणजे नेहमी मधल्या रेघेकडची, डिस्टल म्हणजे तिच्या उलट, मागची, त्यामुळे चार्टच्या अर्ध्या भागात मेसियल चौकटीच्या उजव्या कडेला येते आणि दुसऱ्या अर्ध्यात डाव्या कडेला. हे वाचून नाही कळणार, दहा चौकटी स्वतः काढा आणि नावं घाला, एका दुपारचं काम आहे.

तुमच्या मॅडमकडे प्लास्टरचे जुने मॉडेल असतील, ज्यांची ट्रीटमेंट संपलीये असे. एक मागून घ्या, नाव खोडून. हातात धरून बोट फिरवलं ना की मेसियल डिस्टल एका दिवसात कळतं. मला एकीने दिला होता, अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे, खालच्या जबड्याचा, पुढचा एक दात तुटलेला.

रात्रपाळी_हडपसर

मी डेंटल बिलिंगला आहे पुण्यात, अमेरिकन क्लिनिकचे विम्याचे क्लेम बघतो रात्री. मी एक भर घालतो, ताईंना आत्ता लागणार नाही पण नेटवर शिकताना नक्की आडवं येईल म्हणून. यूट्यूबवर चार्टिंगचे जे व्हिडिओ मिळतात ते बहुतेक अमेरिकेचे असतात आणि तिथे नंबर वेगळे आहेत. ते युनिव्हर्सल म्हणतात, वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ सुरू करून वरून डावीकडे १६ पर्यंत, मग खाली उतरून डावीकडून १७, परत उजवीकडे ३२. दुधाच्यांना अक्षरं, ए पासून टी पर्यंत. तर आपली १६ म्हणजे त्यांची ३, आपली २६ त्यांची १४, आपली ३६ त्यांची १९ आणि आपली ४६ त्यांची ३०.

आता बघा १४. आपल्याकडे १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. त्यांच्याकडे १४ म्हणजे वरची डावी पहिली मोठी दाढ. तोंडाची बाजूच बदलली. आणि १८ आपल्याकडे वरची उजवी अक्कलदाढ, त्यांच्याकडे खालची डावी दुसरी दाढ. अकरा ते अठरा, एकवीस ते अठ्ठावीस, एकतीस, बत्तीस हे सगळे नंबर दोन्हीकडे आहेत आणि वेगळ्या दातांचे आहेत. मी नवीन असताना एका इथल्याच डॉक्टरांच्या नोट्सवरून शिकलो होतो आणि पहिल्या आठवड्यात माझे क्लेम परत आले कारण दात आणि फिलिंग जुळेना, मागच्या दाढेचा कोड आणि नंबर पुढच्या दाताचा. म्हणून व्हिडिओ बघताना पहिल्या मिनिटात बघा की ते वरच्या उजव्या अक्कलदाढेला काय म्हणतात. एक म्हणाले तर बंद करा, एक-आठ म्हणाले तर पुढे बघा.

पण पुढे कधी बिलिंगमधे यायचं असेल तर युनिव्हर्सल आणि सीडीटी कोड (दातांच्या प्रत्येक कामाचे बिलिंगचे कोड) दोन्ही घरून शिकता येतात, मी तसाच शिकलो. ते कोड अमेरिकन डेंटल असोसिएशन काढते आणि दरवर्षी त्यात बदल होतात. डी १११० मोठ्यांचं क्लीनिंग, डी २७४० सिरॅमिक क्राउन, अशी चार अंकी. पगार बरा आहे, रात्र मात्र जाते.

गोदाकाठचा_डॉक्टर

हडपसर, १४ चं उदाहरण उत्तम. पण ताई तुम्ही दोन्ही एकदम शिकू नका हो, निदान सहा महिने तरी. एक पद्धत हाडात मुरली की दुसरी नुसती भाषांतरासारखी येते, आणि दोन अर्धवट असल्या की घात होतो.

तुमच्या मॅडम किंवा एखादे वयस्कर डॉक्टर कधीकधी अधिक चिन्हासारख्या रेघा मारून कोपऱ्यात नुसता ६ लिहितात, ते बघून घाबरू नका. ती पामरची पद्धत, ऑर्थोवाले, म्हणजे दात सरळ करणारे, अजूनही वापरतात. त्यात रेघेच्या कोपऱ्यावरून भाग कळतो, आणि मधून मोजलेला आकडा आपल्यासारखाच आहे, त्यामुळे ते तुम्हाला फुकटच आलं.

मिरजेची_हायजिनिस्ट

कोर्सबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. ताई बारा हजार भरायच्या आधी एक समजून घ्या. डेंटल हायजिनिस्ट हा वेगळा डिप्लोमा आहे, दोन वर्षांचा, कॉलेजात जाऊन, पेशंटवर हात बसवून करायचा, आणि कायद्याप्रमाणे त्याची राज्याकडे नोंदणी होते. ऑनलाइन सर्टिफिकेटने कुणी हायजिनिस्ट होत नाही आणि पेशंटच्या तोंडात स्केलर (दात खरवडून साफ करायचं हत्यार) घालता येत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. असिस्टंट म्हणून बाजूला उभं राहून चार्ट लिहिणं, ट्रे लावणं, सक्शन धरणं यासाठी तुम्हाला ते सर्टिफिकेट कुणी मागणार नाही. तुमच्या मॅडमना तुमचा चार्ट बरोबर हवाय. तर ते पैसे ठेवा. शिस्त लागावी म्हणून कुणाला कोर्स लागतो, त्यात कमीपणा नाही, पण मग असा बघा ज्यात कुणीतरी तुमचे भरलेले चार्ट तपासून परत देतं. नुसते व्हिडिओ आणि शेवटी टिकमार्कची परीक्षा असेल तर त्यात तुमच्या हाताला काही मिळणार नाही.

आणि शब्दांचं म्हणाल तर मी स्वतः मराठी माध्यमातली, मला पहिल्या वर्षी रडू यायचं. मग आमच्या एका मॅडमनी सांगितलं की अख्खा शब्द गिळू नकोस, फोडून खा. तेव्हापासून सोपं झालं. बकल म्हणजे गालाकडची कारण बक्का म्हणजे लॅटिनमधे गाल. लिंग्वल जिभेकडची, लिंग्वा म्हणजे जीभ. लेबियल ओठाकडची, पॅलेटल टाळूकडची. ऑक्लुजल जिथं वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती, आणि पुढच्या दातांना तशी बाजू नसते, त्यांना कड असते, ती इन्सायजल. आता शेपट्या बघा. शेवटी आयटिस आलं की सूज. जिंजायवा हिरडी, जिंजिव्हायटिस हिरडीची सूज, पल्पायटिस आतल्या मगजाची. शेवटी एक्टमी आलं की काढून टाकणं, ऑटमी आलं की छेद देणं, म्हणून लहान मुलांच्यात पल्पोटमीत वरचा थोडा पल्प काढतात आणि पल्पेक्टमीत सगळा. सुरुवातीला पेरी म्हणजे भोवतीचं, एंडो म्हणजे आतलं, ऑर्थो म्हणजे सरळ. आणि ओडोंट म्हणजे दात, ग्रीकमधला. आपला दंत, लॅटिनचा डेंट आणि तो ओडोंट एकाच मुळाचे आहेत, हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता, तो शब्द एकदम घरातला वाटायला लागला. पेरिओडोंटल म्हणजे दाताभोवतीचं, बस. अशी वीस-पंचवीस मुळं पाठ झाली की न ऐकलेला शब्द सुद्धा अर्धा कळतो.

फक्त एक काळजी घ्या, ऑटमी आणि एक्टमी ऐकायला फार जवळचे आहेत, तिथं पण परत म्हणून घ्या.

आणि हो, सरावाला म्हणून पेशंटच्या चार्टचे फोटो काढून घरी नेऊ नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. कोरा चार्ट झेरॉक्स करून घ्या, दोन रुपयात होतो. माणूस आपलं तोंड आपल्यावर विश्वासाने उघडतो.

रंगांचं पुस्तकात वेगळं आणि क्लिनिकमधे वेगळं असू शकतं. कुठे लाल म्हणजे करायचं काम आणि निळा म्हणजे झालेलं, कुठे अजून काही. काढलेल्या दातावर कुठे फुली, कुठे उभी रेघ. तुमच्या मॅडमची पद्धत एका कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि कपाटाच्या आत चिकटवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, माफ करा, पण मला करून बघून मग लिहायचं होतं.

कोर्स नाही घेतला. कोऱ्या चार्टच्या पन्नास झेरॉक्स काढल्या. मॅडमनी खालच्या आणि वरच्या जबड्याचा जुना मॉडेल दिला, तो आमच्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी असतो, पोळ्या करताना बोट फिरवते, सासूबाईंना आधी कसंतरी वाटलं, आता त्याच विचारतात आज कितवा झाला. मुलगा आठवीत आहे तो नंबर वाचून दाखवतो. त्याला मी सांगितलंय की सुटे अंक वाच, तर एकदा चुकून त्रेसष्ट म्हणाला आणि मी पेन ठेवून दिलं आणि त्याला परत म्हणायला लावलं. पहिल्या दिवशी चाळीसात एकोणीस आले होते. काल अडतीस. जे दोन चुकले ते दोन्ही खालच्या ओळीत गालाची आणि जिभेची बाजू उलटी झाल्यामुळे, एडिसनच्या ताई म्हणाल्या तसंच.

मॅडमना नंबर सुटे म्हणायचं सांगायला मला चार दिवस धीर होत नव्हता. सांगितल्यावर त्यांनी लगेच ऐकलं. आता त्या सांगतात, मी परत म्हणते, त्या हं म्हणतात, मग लिहिते. तो मुलगा परवा परत आला होता, ६४ च्या जागी आता स्पेस मेंटेनर बसवायचाय, तिथं २४ यायचाय म्हणून जागा राखायला. चार्टवर ते मी लिहिलं.

आता मॅडम हिरड्यांचं चार्टिंग सुरू करतायत माझ्याकडून, प्रत्येक दाताला सहा आकडे, तीन गालाकडून तीन आतून. अठ्ठावीस दात असले तरी एकशे अडुसष्ट आकडे झाले, आणि त्या तीन-दोन-तीन, चार-दोन-तीन असं भरभर म्हणत जातात. एवढं कळलं की तीनपर्यंत ठीक आणि चारपासून पुढे खोली वाढलीये, रक्त आलं तर वर टिंब. पण रिसेशनचा (हिरडी सरकल्याचा) रकाना आणि शेवटचा सीएएलचा (दाताचा आधार किती सुटला त्याचा) रकाना कसा जमतो ते कळत नाहीये. कधी बेरीज करतात कधी वजा, असं का?

गोदाकाठचा_डॉक्टर

ताई, एकोणीसवरून अडतीस, मनापासून अभिनंदन. आणि मॅडमना सांगितलंत ते फार चांगलं केलंत.

तुमचा प्रश्न. दातावर एक रेघ कधीच हलत नाही, दाताचा मुकुट संपून मूळ सुरू होतं ती. प्रोबने, म्हणजे खुणा केलेल्या बारीक सळईने, आपण जी खोली मोजतो ती हिरडीच्या आत्ताच्या काठापासून. पण काठ स्वतःच सरकलेला असेल तर? म्हणून सीएएल नेहमी त्या पक्क्या रेघेपासून मोजतात. हिरडी खाली सरकून मूळ दोन मिलिमीटर उघडं पडलंय आणि तिथून पुढे प्रोब चार गेला, तर आधार सुटलाय एकूण सहा. तिथं बेरीज. उलट हिरडी सुजून रेघेच्या वर दोन मिलिमीटर चढलीये आणि प्रोब पाच गेला, तर त्यातले दोन नुसती सूज आहे, खरं नुकसान तीन. तिथं वजा. म्हणूनच एखाद्याची खोली फक्त तीन दिसते पण हिरडी चार सरकलेली असते, तेव्हा सीएएल सात येतो आणि तो दात खरा धोक्यात असतो, नुसता खोलीचा रकाना बघणाऱ्याला तो सुटतो.

आकडे कुठल्या क्रमाने येतायत तेही बघा. उजवीकडून सुरुवात केली तर एक-आठपासून एक-एकपर्यंत मागची बाजू आधी, मग मधली, मग मेसियल. मधली रेघ ओलांडली की दोन-एकपासून मेसियल आधी येते. तिथं क्रम फिरतो आणि बऱ्याच जणी तिथंच एक आकडा सरकवतात, मग पुढची सगळी ओळ एका घराने चुकते. माझ्याकडे आम्ही एक-एक झाला की क्षणभर थांबून मधली रेघ असं मोठ्याने म्हणतो.

आणि उद्या मॅडमना एवढं विचारून घ्या की उणे चिन्ह त्या कशाला लावतात, हिरडी सरकली त्याला की चढली त्याला. कागदावर आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधे हे उलटं असतं. ते कपाटाच्या आतल्या कागदावर सगळ्यात वर लिहा.